दार उघडे आहे, पण वाट आहे का?

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला बोलावलं, त्याबद्दल आभार. आम्ही काही वक्ते नाही. आयुष्य बांधकामावर गेलं. विटा, सिमेंट, मोजपट्टी आणि ओळंबा एवढंच आमचं भांडवल. म्हणून आम्ही बांधकामाचाच विषय घेतला आहे. विषय असा की, आपण ज्या इमारती, रस्ते, संडास, मंडप आणि विहार उभे करतो, त्यात अपंग माणसाला जाता येतं का? आंधळ्याला, बहिऱ्याला, कुबड्यांवर चालणाऱ्याला, चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला, आणि गुडघे गेलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईला?

हा विषय आजच का घेतला, तेही सांगतो. समितीने येत्या वर्षात विहाराचा दर्शनी भाग नव्याने बांधायचं ठरवलं आहे. पायऱ्या मोठ्या होणार, ग्रॅनाइट बसणार, वर नवी कमान येणार. काम चांगलंच आहे. पण एकदा ग्रॅनाइट बसलं की पुढची तीस वर्षं त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून जे सांगायचं ते मिस्त्री कामाला लागण्याआधीच सांगितलं पाहिजे.

आधी शब्दाबद्दल थोडं. आपण पूर्वीपासून 'अपंग' म्हणत आलो. १९९५ च्या कायद्याचं मराठी नावही अपंग व्यक्तींविषयीचंच होतं. अलीकडे सरकारी कागदावर 'दिव्यांग' हा शब्द आला. काहींना तो आवडतो, काहींना आवडत नाही. शब्दावरून भांडण्यात आम्हाला रस नाही. माणसाला दिव्य म्हणायचं आणि त्याच्यासमोर सहा पायऱ्या ठेवायच्या, यात कसला आला मान? संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंगांच्या हक्कांचा करार मंजूर केला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्या करारात एक मोठी गोष्ट मांडली आहे. अपंगत्व नुसतं शरीरात नसतं. शरीरातली उणीव आणि समाजाने उभे केलेले अडथळे यांची गाठ पडते, तिथे ते तयार होतं. साध्या भाषेत, पाय अधू असणं ही एक गोष्ट, आणि पाय अधू आहेत म्हणून शाळेत जाता न येणं ही दुसरी. पहिली निसर्गाने किंवा अपघाताने केली. दुसरी आपण गवंडीकाम करून केली.

ही गोष्ट आपल्या समाजाला दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नाही. सार्वजनिक जागा आणि त्या जागेत जाण्याचा हक्क, या प्रश्नावर आपल्या मागच्या पिढ्यांनी आयुष्य घातलं आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. पण पाणी कोणाच्या ओंजळीत आलं का? नाही आलं. त्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला, बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत जावं लागलं. ठराव आणि ओंजळ यांच्यात केवढं अंतर असतं, हे आपल्याला महाडने शिकवलं.

पुढे संविधानाच्या १५ व्या कलमात हा हक्क पक्का झाला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कोणाही नागरिकाला दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांपासून अडवता येणार नाही. या यादीत अपंगत्व हा शब्द मात्र नाही. जातीवरून अडवलं तर संविधानातच थेट बंदी. पायऱ्यांनी अडवलं तर पुष्कळ वर्षं कोणी विचारणारंच नव्हतं, कारण पायऱ्या तोंडाने काही बोलत नाहीत. त्या 'येऊ नका' म्हणत नाहीत. त्या नुसत्या उभ्या असतात आणि माणूस आपोआप घरी बसतो.

मग कायदा आला. १९९५ चा अपंग व्यक्ती (समान संधी, हक्कांचे संरक्षण आणि संपूर्ण सहभाग) अधिनियम ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्यात सार्वजनिक इमारतींना उतार असावा, चाकाच्या खुर्चीसाठी संडास असावा, लिफ्टमध्ये ब्रेल अक्षरं आणि आवाजाची सूचना असावी, हे सगळं लिहिलं होतं. पण सुरुवातीलाच एक मेख होती. आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत हे करावं, असं त्यात होतं. आता कुवत कोणाची कधी पुरते? कमानीला पुरते, कारंज्याला पुरते, उतारालाच पुरत नाही.

त्यानंतर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व मान्य झालं. इमारतीचा नकाशा सुगमतेच्या नियमांत बसत नसेल तर बांधकामाची परवानगीच देऊ नये, पूर्णत्वाचा दाखला देऊ नये, असंही त्यात आहे. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, सार्वजनिक इमारत कशाला म्हणायचं याची व्याख्या त्यात दिली आहे. ती फक्त सरकारी कचेरी नव्हे. लोकांच्या वापरात असलेली खासगी इमारतही त्यात येते, आणि धार्मिक व सांस्कृतिक कामाची इमारतही येते. म्हणजे देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा आणि आपला विहार, सगळे आले.

तरीही गाडी अडलीच. एका दृष्टिहीन नागरिकाने, राजीव रतुरी यांनी, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. १५ डिसेंबर २०१७ ला न्यायालयाने सरकारी इमारती, स्थानकं, विमानतळ सुगम करण्याबाबत आदेश दिले. मग ८ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याच प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की, नियमांतली सुगमतेची मानकं नुसती शिफारशीसारखी ठेवलेली आहेत आणि हे मूळ कायद्याशी विसंगत आहे. सक्तीचे नियम तीन महिन्यांत करा, असा आदेश झाला. बांधवांनो, पहिला कायदा १९९५ चा आणि हा निकाल २०२४ चा. एकोणतीस वर्षं ठराव आणि ओंजळीतलं अंतर मोजण्यातच गेली.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत १२ मार्च १९९० रोजी साठाहून अधिक अपंग माणसं त्यांच्या संसद भवनासमोर जमली. आपल्या चाकाच्या खुर्च्या, कुबड्या खाली टाकल्या आणि हातांवर, कोपरांवर सरपटत त्या उंच पायऱ्या चढू लागली. त्यात आठ वर्षांची जेनिफर कीलन नावाची मुलगीही होती. जिथे कायदे होतात त्या घरात शिरायला आम्हाला सरपटावं लागतं, हे त्यांनी जगाला दाखवलं. २६ जुलै १९९० रोजी त्यांच्या कायद्यावर सही झाली. महाडला लोक चालत गेले, तिथे सरपटत गेले. मागणी एकच, जे सर्वांचं आहे तिथे आम्हालाही जाऊ द्या.

आपल्या देशातलीही एक गोष्ट ऐका. जानेवारी २००१ मध्ये विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले होते. ते चाकाच्या खुर्चीवर. त्यांना ऐतिहासिक वास्तू पाहता याव्यात म्हणून तिथे तात्पुरते लाकडी उतार बसवण्यात आले. पाहुण्यासाठी झालं ते चांगलं झालं. पण त्यातून एक सिद्ध झालं. उतार बसवणं अवघड नव्हतं. जे शास्त्रज्ञ नव्हते, त्यांच्यासाठी तो कोणाला सुचला नव्हता, एवढंच.

आता कोणी विचारील, 'अहो, विहारात अपंग येतातच किती?' हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. त्यावर आमचं उत्तर असं. पायऱ्यांच्या वर उभं राहून मोजलं तर कोणीच सापडणार नाही, कारण ते खालीच राहिले. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. एकट्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. आणि तेव्हा नोंदणीचे प्रकार आजच्या २१ पेक्षा पुष्कळ कमी होते. ही माणसं कुठे आहेत? आपल्याच घरात आहेत. आतल्या खोलीत, खाटेवर, दाराच्या आड. आपल्या वस्तीत अर्धांगवायू झालेले काका आहेत, गिरणीत बोटं गेलेले आजोबा आहेत, पोलिओने पाय गेलेली, आता पन्नाशीला आलेली ताई आहे. शिवाय सात महिन्यांची गरोदर सून, कडेवर लेकरू घेतलेली आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेली आजी. आज ज्यांचे पाय धड आहेत त्यांनीही हिशेब करावा. म्हातारपण येणार आहे, ते पायऱ्या मोजतच येणार आहे.

आता कामाची गोष्ट. मोजमापं सांगतो, समितीने आणि तरुण मंडळींनी लिहून घ्यावीत.

पहिलं, उतार. आपल्या विहाराचं जोतं अंगणापासून दोन फूट वर आहे, सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या. उताराचा नियम असा की, एक फूट चढायला निदान बारा फूट लांबी पाहिजे. उंची वाढली तर उतार याहूनही सौम्य हवा. दोन फुटांना चोवीस फूट. पुष्कळ ठिकाणी आठ फुटांत दोन फूट चढवतात आणि 'रॅम्प केला' म्हणतात. त्यावरून माणूस चढत नाही, फक्त मोटारसायकल चढते. खुर्ची मागे घसरते आणि ढकलणारा खाली येतो. चोवीस फूट सरळ जागा आपल्याकडे नाही, हे खरं. मग बारा-बारा फुटांचे दोन हात करायचे. बारा फूट पुढे जायचं, पाच फुटांची सपाट जागा सोडायची, तिथे वळून बारा फूट परत ओट्यावर यायचं. रुंदी प्रत्येकी चार फूट. म्हणजे साधारण सतरा फूट लांब आणि नऊ फूट रुंद जागा लागते. आज डाव्या बाजूला जिथे चपला आणि स्कूटर असतात, तिथे ती बसते. आम्ही टेप लावून पाहिलं आहे.

उताराला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. त्याला दोन पाइप, एक साधारण तीन फुटांवर उभ्या माणसासाठी, एक सव्वादोन-अडीच फुटांवर बसलेल्यासाठी आणि मुलांसाठी. पाइप उताराच्या दोन्ही टोकांना फूटभर पुढे काढायचा, म्हणजे चढण्याआधीच हाताला आधार मिळतो. कडेला चार बोटं उंच कट्टा, चाक घसरू नये म्हणून. आणि फरशी खडबडीत. पॉलिश केलेलं ग्रॅनाइट पावसाळ्यात निसरडं होतं. दर्शनी भिंतीला लावा हवं तर, पायाखाली नको. पायाखाली आपली शहाबादी किंवा खडबडीत टाइल बरी.

दुसरं, हा उतार मुख्य दारालाच आला पाहिजे. मागच्या दाराला, संडासाच्या बोळातून नको. एका समाजाला मागच्या दाराने घ्यायचं, वेगळ्या भांड्यात पाणी द्यायचं, हे काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. आपण कोणाला मागचं दार दाखवू नये. ज्या दाराने सगळे जातात, त्याच दाराने तेही जातील.

तिसरं, दार आणि उंबरठा. चाकाची खुर्ची सुमारे सव्वादोन फूट रुंद असते, वर हाताची बोटं. तेव्हा दार तीन फूट मोकळं हवं. उंबरठा काढावा किंवा घासून सपाट करावा. आत खुर्ची वळायला पाच फुटांचा गोल मोकळा लागतो. लोखंडी कपाट, जुने बॅनर, मंडपाचे बांबू हे सगळं त्या गोलात ठेवायची आपल्याला सवय आहे, ती सोडावी लागेल.

चौथं, चपला. आपण विहारात अनवाणी जातो, ते योग्यच. पण कॅलिपर घातलेल्या माणसाचा बूट पट्ट्यांनी पायालाच बांधलेला असतो, तो काढला तर त्याला उभंही राहता येत नाही. त्याला दारात अडवू नये. खुर्चीच्या चाकांसाठी आणि कुबडीच्या टोकासाठी ओला फडका ठेवावा, पुसून आत घ्यावं. जयपूरला मास्टर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी कृत्रिम पाय तयार केला, तो जयपूर फूट म्हणून जगभर गेला. त्याचं वैशिष्ट्य काय? तो लावून अनवाणी चालता येतं, उकिडवं आणि मांडी घालून बसता येतं. आपल्या लोकांच्या राहणीकडे पाहून त्यांनी पाय घडवला. आपण माणसाकडे पाहून दार घडवायला काय हरकत आहे?

पाचवं, बसण्याची जागा. खाली बसता येत नाही अशांसाठी आपण शेवटी भिंतीला खुर्च्या लावतो. त्यामुळे ती मंडळी सगळ्यांच्या मागे पडतात. सतरंजीच्या ओळींतच, दोन्ही कडांना, काही खुर्च्या आणि चाकाच्या खुर्चीची मोकळी जागा ठेवावी. कुटुंबातला माणूस कुटुंबाशेजारीच बसेल.

सहावं, संडास. यावर लोक बोलायला लाजतात, आणि अपंग माणूस घराबाहेर न पडण्याचं मोठं कारण हेच असतं. कार्यक्रम तीन तासांचा, तर पुष्कळ जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. एक तरी संडास कमोडचा असावा, आसन दीड फूट उंच, बाजूला भिंतीत पक्का बसवलेला दांडा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं, कारण आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याला बाहेर काढता येत नाही. वस्तीतला सार्वजनिक संडास तर टाकीवर बांधलेला, चार-पाच पायऱ्या वर. तिथे आपलं म्हणणं नगरसेवकाकडे आणि वॉर्ड ऑफिसात लेखी गेलं पाहिजे.

सातवं, ज्यांना दिसत नाही आणि ज्यांना ऐकू येत नाही. पायरीच्या प्रत्येक कडेला पिवळा पट्टा मारा. अधू नजरेच्या माणसाला तेवढ्याने पायरी कळते. खर्च एका रंगाच्या डब्याचा. रस्त्यावर आणि स्टेशनवर पिवळ्या उंचवट्याच्या लाद्या पाहिल्या असतील. त्या शोभेच्या नाहीत. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसल्या. उभ्या रेघा म्हणजे 'पुढे चला', गोल ठिपके म्हणजे 'थांबा, पुढे धोका किंवा वळण'. आपल्याकडे या लाद्या लावतात आणि त्यावरच विजेचा खांब किंवा पानाची टपरी येते. पांढरी काठी घेऊन येणारा माणूस सरळ खांबावर आदळतो. जयंतीला मंडप घालताना एवढं तरी पाहू या, की आपला बांबू त्या पिवळ्या वाटेवर येणार नाही.

बहिऱ्यांसाठी आवाज मोठा करून काही होत नाही, उलट भोंग्याने इतरांचे कान जातात. वक्त्याच्या तोंडावर उजेड असावा, म्हणजे ओठ दिसतात. खुणांची भाषा जाणणारं कोणी मिळालं तर त्यांना वक्त्याशेजारी, उजेडात उभं करावं. कार्यक्रमाचा क्रम मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहावा.

पैशाचं काय, असं कोषाध्यक्ष विचारतील. त्यांनी विचारलंच पाहिजे. बांधकाम चालू असताना उतार केला तर विटा, मुरूम, सिमेंट आणि थोडी मजुरी. तोच पाच वर्षांनी पायऱ्या फोडून केला तर फोडण्याची मजुरी, राबिट उचलणं, ग्रॅनाइटचं नुकसान, आणि वर कुरबुर. देणगीदारांच्या नावाची पाटी लावायचीच असेल, तर आमची सूचना आहे की यंदा ती उताराच्या कठड्यावर लावावी. आपल्या नावाजवळून रोज एक म्हातारी आधार धरून वर जाते, याहून चांगली पाटी कोणती?

आणखी एक महत्त्वाचं. हे सगळं आम्ही धडधाकट माणसांनी ठरवू नये. जगभरच्या अपंग चळवळीचं म्हणणं आहे, आमच्याविषयी जे ठरवाल ते आमच्याशिवाय ठरवू नका. बांधकाम समितीत वस्तीतली निदान दोन अपंग माणसं घ्यावीत, त्यात एक बाई असावी. उतार झाला की पहिल्यांदा त्यांनी चढून पाहावं. त्यांनी 'ठीक आहे' म्हटल्याशिवाय मिस्त्रीचं शेवटचं बिल देऊ नये. आणि झालेल्या उतारावर स्कूटर लागणार नाही, कुंड्या येणार नाहीत, ही जबाबदारी तरुण मंडळाने घ्यावी.

तेव्हा आमची समितीला हात जोडून विनंती आहे. दर्शनी भागाच्या नकाशावर सही करण्याआधी त्यात उतार, कठडा आणि एक संडास काढून घ्या. आणि आज घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घरात, आपल्या चाळीत, आपल्या मजल्यावर पाहा. आज इथे यायचं होतं पण पायऱ्यांमुळे आलं नाही, असं कोण आहे? त्या व्यक्तीचं नाव चिठ्ठीवर लिहून रविवारी सचिवांकडे द्या. सक्तीच्या नियमांची वाट पाहत बसायचं कारण नाही. ती नावं हाती आली की 'येतात किती' हा प्रश्नच उरणार नाही, आणि उतार कोणासाठी बांधायचा हेही मिस्त्रीला सांगता येईल.